ओवी आणि शर्वरी एकच का?

टक्. जरा थांबून पुन्हा, टक्-टक्.

जेवणं आटोपली होती, ओटा पुसून झाला होता. आतल्या खोलीत मिहू झोपली होती, तिच्या पलीकडच्या खोलीत सासूबाई. रविवारची अशी दुपार हाताला लागणं म्हणजे नशीबच. ओवी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ऑफिसचं राहिलेलं काम उरकत होती, आणि तेवढ्यात माळ्यावरून तो आवाज आला. पाल चुकचुकावी तसा.

सासूबाई जाग्या असत्या तर त्यांनी पलंगाच्या काठावर बोट वाजवून "सत्य, सत्य" म्हटलं असतं. ओवीनं त्यांना कितीदा सांगितलं होतं, "आई, पाल नाहीये ती. घरपेटीची तबकडी फिरतेय."

"असेना का. चुकचुकतेय ना? मग सत्य म्हणायला आपलं काय जातंय?"

या घरात तिला ओवी कुणी म्हणत नसे. घरात, सोसायटीत, शर्विलच्या म्हणजे नवऱ्याच्या मित्रांत ती शर्वरी होती. पण स्वतःशी बोलताना ती ओवीच असायची, म्हणून आपणही तिला ओवीच म्हणू.

घरातलं बोलणं घराबाहेर जाता कामा नये असा कायदा झाला, आणि मिरजेसारख्या गावातसुद्धा घरोघरी एकेक घरपेटी आली. दूरच्या कुठल्या गोदामात काही ठेवायचं नाही. जे काय ते इथेच, ओट्यावरच्या माळ्यावर, पुरणयंत्राच्या शेजारी. दिवे, गॅस, औषधांच्या वेळा ती सांभाळायचीच. पण लोकांना तिची सवय लागली ती बोलण्यासाठी. घरातल्या प्रत्येकाची तिच्यात एक वेगळी खोली असायची. त्या खोलीत जाऊन काहीही बोलावं. ती ऐकायची, लक्षात ठेवायची, आणि दुसऱ्या खोलीत त्यातला एक शब्दही जाऊ द्यायची नाही.

हे जाऊ न देण्याचं काम ओवीचं होतं. म्हणजे पेटीच्या मुळाशी जो प्रोग्राम सगळा कारभार बघतो, त्यातला स्मृतिरक्षणाचा भाग तिनं लिहिला होता. सासूबाईंनी एकदा निवडलेल्या मेथीच्या ढिगासमोर बसून विचारलं होतं, "तू दिवसभर त्या लॅपटॉपवर करतेस तरी काय?" तेव्हा तिनं ओटाच दाखवला होता.

"आई, आपला ओटा केवढासा आहे. एका वेळी किती भांडी मावतील? पण समजा तुम्ही मागाल ते भांडं कुणीतरी चटकन माळ्यावरून काढून देतंय, आणि नको झालेलं वर ठेवतंय. इतकं झटपट की तुम्हाला पत्ताही नाही. मग तुम्हाला काय वाटेल?"

"ओटा चांगला ऐसपैस आहे असं वाटेल."

"हेच. पेटीची खरी स्मृती ओट्याएवढी, पण आतल्या प्रत्येक प्रोग्रामला वाटतं, आपल्याला अख्खं मैदान मिळालंय. याला आभासी स्मृती म्हणतात, व्हर्च्युअल मेमरी. न लागणारी पानं तबकडीवर ठेवायची, मागितली की खाली आणायची."

"आणि ही वरखाली कोण करतं?"

"मी. म्हणजे मी लिहिलेलं ते."

"म्हणजे तिथेही राबणारी तूच होय!" सासूबाई हसल्या होत्या.

"आणखी गंमत ऐका. तुम्ही म्हणता तिसरा डबा द्या, तर तुम्हाला साखर मिळते. शर्विल म्हणतो तिसरा डबा, त्याला चिवडा मिळतो. नंबर एकच, डबा वेगळा. कुणाचा तिसरा म्हणजे खरोखरचा कुठला, ते फक्त मला ठाऊक. दुसऱ्याच्या डब्याकडे कुणाचा हात गेलाच, तर तो प्रोग्राम तिथल्या तिथे बंद."

"बाई बाई! सून म्हणून एवढी गरीब, आणि तिथे एवढी कडक?"

तर ती तबकडी. जुन्या पद्धतीची, फिरणारी. स्वस्त पडते आणि वर्षानुवर्षं टिकते म्हणून ठेवलेली. रोजच्या गोष्टी तिच्यापर्यंत जातच नाहीत. तबकडी वाजली याचा अर्थ कुणीतरी फार जुनं, फार दिवसांत न मागितलेलं काहीतरी मागितलं.

कोण मागणार? शर्विल कामासाठी हुबळीला. आई पडल्यापडल्या जुनी गाणी ऐकत असतील, असं ओवीनं स्वतःला सांगितलं आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. पण तिचं लक्ष लागेना. गाणी असती तर तबकडी एकदा वाजून गप्प झाली असती. ही थांबत होती, आणि पुढचं पान मागत होती.

लग्नात तबकात तांदूळ पसरून शर्विलनं त्यावर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं. शर्विलची शर्वरी. त्याआधी दोन दिवस ती हळूच म्हणाली होती, "नाव नको ना बदलायला." त्याला काहीच अडचण नव्हती, त्याला कशाचीच नसायची. "आईला विचार," तो म्हणाला. ज्योत्स्नाताईंना, म्हणजे सासूबाईंना, प्रश्नच कळला नव्हता. "अगं, आमच्यात पद्धत आहे. मी नाही का वंदनाची ज्योत्स्ना झाले? मेले का?"

तांदळावरचं नाव, तबक हलवलं की जाईल, असं तिला वाटलं होतं. ते गेलं नाही. पेटी घरी आली तेव्हा घरप्रमुख म्हणून ज्योत्स्नाताईंनी सगळ्यांची नावं सांगितली, आणि शर्वरी नावाची एक खोली तयार झाली.

मग मिहू झाली.

त्या महिन्यांबद्दल ओवी कुणाशी बोलत नाही. बाळ रडायचं, आणि ओवीला ते रडणं भिंतीपलीकडून येतंय असं वाटायचं. दूध पाजताना ती घड्याळाकडे बघायची. बारशाला आलेल्या बायका म्हणायच्या, "किती गोड हसते हो तुमची सून," आणि ती आणखी हसायची. शर्वरीच्या खोलीत बाळाचे फोटो होते, लसींच्या तारखा होत्या, आजी-आत्यांनी कौतुकानं मागून ऐकावेत असे बोबडे आवाज होते. तिथे बसून ते बोलणं शक्य नव्हतं.

म्हणून तिनं आणखी एक खोली उघडली. पाहुणी म्हणून; नाव ओवी. पेटी माणसाला अंगठ्यावरून ओळखायची. उजवा अंगठा लावला की शर्वरी, डावा लावला की ओवी. दुपारी सगळे आडवे झाले की ती ओट्यापाशी उभी राहून डावा अंगठा लावायची आणि तोंडाशी हात धरून बोलायची. माहेरच्या बोलीत बोलायची, कुडाळच्या. तिथे ती काय बोलली नाही! हे मूल मला नको होतं, बोलली. याच्या अंगाचा वास मला सहन होत नाही, बोलली. आणि एका दुपारी सगळ्यात खोलवरचं बोलली. त्या सकाळी ती बाळाला दुपट्यात गुंडाळून स्टँडवर गेली होती. बाळाला बाकावर ठेवायचं आणि एकटीनं कुडाळच्या गाडीत बसायचं, असं ठरवून. घाटात दरड कोसळली होती. गाडी आलीच नाही. दुपार झाली, बाळ भुकेनं कळवळलं, आणि ती घरी आली. "लस द्यायला गेले होते," घरी तिनं सांगितलं.

पुढे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. आजाराला नाव मिळालं. आणि एका सकाळी बाळानं तिचं बोट घट्ट धरलं, तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं, हे सोडू नये. त्यानंतर तिनं डावा अंगठा कधी लावला नाही. ओवीची पानं हळूहळू ओट्यावरून माळ्यावर, तबकडीच्या तळाशी गेली. ती पुसून टाकणं तिच्या हातात होतं. पण साऱ्या घरात ओवी नावाची तेवढीच एक जागा होती. तिचा हात धजला नाही. आणि पुसायची गरज तरी काय? भिंत तिनं स्वतः बांधली होती. त्या भिंतीला भोक पाडायला कंपनीच्या आव्हानावरून देशभरातली हुशार पोरं वर्षभर झटली होती आणि हरली होती.

मिहू शाळेत जाऊ लागली, ओवी ऑफिसात. तेव्हा तिनं शर्वरीच्या खोलीची एक खिडकी मिहूच्या खोलीत उघडून दिली. वाचायची मुभा, लिहायची नाही. मिहूच्या खोलीत गोष्टी सांगणारी एक चिऊ होती. "मी लहान होते तेव्हाची गोष्ट सांग," असं मिहू म्हणाली की चिऊ खिडकीतून आईच्या आठवणी वेचायची आणि त्यांची गोष्ट करून सांगायची. आई घरी नसली तरी आईची गोष्ट असायची.

टक्-टक्. टक्.

"ओवी, चहा टाकू का गं?"

ओवीनं मान वर केली. स्वैपाकघराच्या दारात ज्योत्स्नाताई उभ्या होत्या, केस विस्कटलेले, डोळ्यांवर झोप.

"काय म्हणालात, आई?"

"चहा."

"नाही, त्याच्या आधी."

ज्योत्स्नाताई जरा लाजल्यासारख्या झाल्या. पातेलं शोधायच्या निमित्तानं त्यांनी पाठ वळवली. "ओवी म्हणाले. का, तुझंच नाव ना?"

ओवीनं लॅपटॉप बाजूला सारला.

"परवा दादाच्या तेराव्याला गेले होते ना," त्या पातेल्यात पाणी घेत म्हणाल्या, "तिथे बसल्याबसल्या एकदम लक्षात आलं, आता मला वंदू म्हणणारं कुणी उरलं नाही. आई-बाबा गेले, दादा गेला. निघताना वहिनीसुद्धा म्हणाली, या हं ज्योत्स्नाताई. मला कळेना, ही बोलतेय कुणाशी? बसमध्ये सगळा रस्ता रडले बघ. मग वाटलं, मी तुझं तेच केलं की. तू कुणाला काही न बोलणारी, म्हणून."

"आई..."

"राहू दे. फार कौतुक नको. साखर कुठे ठेवलीस?"

"तिसऱ्या डब्यात." ओवीचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं वाट बघून बघून शेवटी तिनं वाट बघणंच सोडून दिलं होतं, आणि ते असं चहाच्या आधणाबरोबर आलं होतं. "शर्विलला काय वाटेल?"

"त्याला काय वाटायचंय! त्याला अजून स्वतःचे मोजे ओळखता येत नाहीत, तो बायकोचं नाव काय लक्षात ठेवणार." त्यांनी आल्याचा तुकडा ठेचला. "आणि हे माझं नुसतं तोंडी नाही हं. सकाळी तू भाजीला गेलीस ना, तेव्हा मी पेटीला बजावून सांगितलं, आजपासून सुनेला ओवी म्हणायचं. मिहूसुद्धा होती. तर पेटी मला विचारते, घरात ओवी नावाची एक पाहुणी आहे, ओवी आणि शर्वरी एकच का? मी म्हटलं, अगं बाई, एकच! एकच तर आहे ती. तर म्हणाली, बरं."

माळ्यावर तबकडी वाजली.

"सत्य, सत्य," ज्योत्स्नाताई म्हणाल्या आणि ओट्यावर बोट वाजवलं.

ओवीनं वर, पेटीकडे बघितलं.

तो प्रश्न तिनंच लिहिला होता. ऑफिसात सगळ्यांनी डोकं धरलं होतं, एका बाईच्या दोन-दोन खोल्या का तयार होतायत म्हणून. तेव्हा तिनंच समजावून सांगितलं होतं, आमच्याकडे बाईला दोन नावं असतात, माहेरचं एक, सासरचं एक; पेटीनं त्यांना दोन माणसं समजू नये. डबा एकच, नंबर दोन, इतकं ते सोपं होतं. घरप्रमुखानं एकच म्हटलं, की दोन्ही नावांची सगळी पानं एका खोलीत दिसू लागतील. तिनं चोरांचा विचार केला होता, संशयी नवऱ्यांचा केला होता. प्रेमानं कुणी हो म्हणेल, हा विचारच तिच्या मनाला शिवला नव्हता.

भिंत जागच्या जागी होती. एक वीटही हलली नव्हती. फक्त ओवी आता शर्वरी होती, आणि शर्वरीच्या खोलीला खिडकी होती.

तिनं लॅपटॉप ओढला. पडद्यावर पेटीचा सगळा कारभार उघडला: कोण जागं, कोण कुठलं पान मागतंय. एकच ओळ हलत होती. मिहूची चिऊ. वाचणं चालू.

"एवढं काय गं तातडीचं? रविवार आहे आज."

ओवीनं खिडकी बंद केली. चिऊच्या हातातली पानं काढून घेतली आणि शून्यांनी भरून टाकली. पान परत घेतलं की ते कोरं करायचं, हा तिचाच नियम. तबकडी गप्प झाली. सगळं मिळून एखादं मिनिट लागलं असेल. आता मिहूच्या खोलीत त्यातलं एक अक्षरही कुणाला सापडलं नसतं.

ती आतल्या खोलीकडे गेली.

मिहू झोपली नव्हती. चादर डोक्यावरून घेऊन, एक पाय भिंतीला लावून पडली होती. आईची चाहूल लागताच तिनं चादर खाली ओढली. गाल लाल झालेले, कपाळाला केस चिकटलेले.

"आई, चिऊ मधेच बंद पडली."

"पडू दे. तू झोपली नाहीस, लबाड?" ओवी तिच्याजवळ बसली आणि केस मागे सारू लागली. "कसली गोष्ट चालली होती?"

"ओवीची. मी म्हटलं, आई ओवी होती तेव्हाची गोष्ट सांग. आजी म्हणाली ना, तू ओवी होतीस."

पेटीत लहान मुलांसाठी एक चाळणी होती. मारामारी, शिव्या, रक्त, असलं काही आलं की चिऊ विषय बदलायची. पण त्या पानांत एकही वाईट शब्द नव्हता. एक बाई होती, एक बाळ होतं, बाक होता, गाडी होती. चाळणीतून सगळं अलगद खाली पडलं असणार.

"काय होती गोष्ट?" ओवीनं विचारलं.

मिहू उठून मांडी घालून बसली. गोष्ट सांगताना तिला मांडी लागायची. "एक होती ओवी. तिला होतं एक बाळ. ते ना, सारखं रडायचं. कितीही घेतलं तरी. मग ओवीनं त्याला दुपट्यात गुंडाळलं. हिरव्या. आपल्याकडे आहे ना माझं, तसलंच! आणि ती स्टँडवर गेली. तिथे एक बाक होता. तिनं ना, ओढणीनं बाक पुसला. बाळाला ठेवायला. आणि तिला कुडाळच्या गाडीत बसायचं होतं, एकटीला." मिहू थांबली. "आई, एकटीला का?"

"मग?" ओवी म्हणाली.

"मग घाटात मोठ्ठी दरड पडली. धडाम! गाडी आलीच नाही. मग ओवी घरी आली. मग पुढचं सांगायच्या आधीच चिऊ बंद पडली." तिनं आईकडे निरखून बघितलं. "ती ओवी म्हणजे तू ना?"

इतक्या वर्षांत ओवीला शर्वरी व्हावंसं कधी वाटलं नव्हतं. आत्ता वाटलं. अगदी जिवाच्या आकांतानं वाटलं.

"छे गं," ती हसून म्हणाली. ते बारशाच्या वेळचं हसू इतक्या वर्षांनी अगदी जसंच्या तसं आलं. "ती दुसरी कुणीतरी ओवी. माझं नाव काय आहे? सांग बघू."

"शर्वरी."

"मग?"

मिहूच्या खांद्यांतला ताठा गेला. "मला वाटलंच. तू कशाला असं करशील." आणि तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. ते डोकं केवढं जड, केवढं ऊन होतं! ओवी तिच्या कानामागचे केस कुरवाळत राहिली. निभावलं, असं तिला वाटलं. आणखी थोडे दिवस, मग ही विसरेल. मुलं विसरतात.

दार ढकलून ज्योत्स्नाताई आल्या. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात मिहूसाठी दुधाचा पेला. चेहरा असा, की कधी नव्हे ते आपण काहीतरी चांगलं केलंय.

"ओवी, अगं चहा निवतोय, ओवी!" हे नाव उच्चारायला त्यांना नवीच गोडी लागली होती. "ऊठ, ओवी. अशी काय बसलीस?"

मिहूनं मांडीवरून डोकं उचललं.

"आजी, ही ओवी आहे का शर्वरी?"

"अगं, दोन्ही एकच, सोन्या. कुडाळची ओवी ती हीच. आपण आपलं उगाच..."

"आई, नका मला ओवी म्हणू!"

ते किती जोरात निघालं, हे ओवीला नंतर कळलं, बशीत सांडलेला चहा बघून. ज्योत्स्नाताई दारातच थांबल्या. त्यांचा चेहरा हळूहळू विझत गेला. इतक्या वर्षांत सून त्यांच्यावर कधी ओरडली नव्हती. ओरडली ती आज, आणि या कारणासाठी.

"बरं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "नाही म्हणत. तुला आवडेल असं वाटलं होतं." त्यांनी कप टेबलावर ठेवला, दूध त्याच्या बाजूला ठेवलं, आणि पदरानं बशी पुसली. "चहा घे, शर्वरी."

त्या गेल्या. त्यांच्या पाठी जाऊन, त्यांचे हात धरून सांगावं असं कितीतरी ओवीच्या मनात होतं. ती जागची हलली नाही. मिहूनं तिची ओढणी धरून ठेवली होती.

मिहू रडत नव्हती की घाबरलेलीही दिसत नव्हती. शाळेत हातच्याचं गणित सोडवताना व्हायचा तसा तिचा चेहरा झाला होता, जिभेचं टोक ओठाबाहेर आलेलं. तिनं दाराकडे बघितलं, जिथून आजी गेली. मग आईकडे. मग कपाटाच्या वरच्या कप्प्याकडे, जिथून हिरव्या दुपट्याचं एक टोक लोंबत होतं.

घरात पुन्हा दुपार पसरली. माळ्यावर काहीच वाजत नव्हतं.

"आई," मिहूनं विचारलं, "गाडी आली असती तर?"